पालटते हवामान आणि पुढच्या आठवड्याचा हिशेब

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. पण मुंबईची थंडी अशी एका रात्रीत पळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ती जाते, परत येते, पुन्हा जाते. सकाळी अंगावर चादर ओढावी लागते आणि दुपारी बाराला दुकानाच्या शटरला हात लावता येत नाही. मध्येच एखाद्या दिवशी आभाळ भरून येते. नोकरदार माणूस या हवेबद्दल बोलतो आणि विसरतो. छोट्या व्यापाऱ्याला ते परवडत नाही, कारण हवा पालटली की त्याच्या गल्ल्यातला पैसा पालटतो.

वरळीचेच पाहा. एका टोकाला कोळीवाडा आणि किल्ला, दुसऱ्या टोकाला हाजी अली. मध्ये वरळी नाका, बी.डी.डी. चाळी, कचेऱ्यांचे मनोरे आणि समुद्रकाठचा खान अब्दुल गफारखान मार्ग. चार-पाच किलोमीटरच्या या पट्ट्यात मासळीवाली आहे, शहाळेवाला आहे, लिंबू सरबताची गाडी आहे, फळांचे ठेले आहेत, बेकरी आहे, शिंपी आहे, छत्र्या-रेनकोटचा हंगामी धंदा करणारा आहे. मुंबईसारख्या शहरात असूनही वरळी ही या अर्थाने एक छोटे गावच आहे. गावातल्या दुकानदाराला पडतो तोच प्रश्न इथल्या प्रत्येकाला रविवारी रात्री पडतो. पुढच्या आठवड्यासाठी माल किती भरायचा?

या प्रश्नाचे उत्तर निम्मे बाजारात असते आणि निम्मे आभाळात. बाजाराबद्दल या पानावर नेहमीच लिहिले जाते. आज आम्ही आभाळाबद्दल लिहिणार आहोत. या दिवसांत हवा का पालटते, हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज कसा वाचायचा आणि त्यावरून खरेदी कशी ठरवायची, हे तीन मुद्दे घेऊ.

अकरा वाजताचा वारा

मुंबईच्या वसंतातली हवा समजून घ्यायची तर दोन वारे ओळखले पाहिजेत. शाळेच्या भूगोलात आपण ते शिकलो आहोत. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा आणि दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारा तो खारा वारा. ऊन चढले की जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. मुंबईत हे साधारण अकरा-बाराच्या सुमारास घडते. खारा वारा सुरू झाला की तापमानाची चढण तिथेच थांबते. दुपारभर घाम येतो, पण पारा बत्तीस-तेहतीसच्या पुढे फारसा सरकत नाही.

घोटाळा होतो तो खारा वारा उशिरा आला की. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी गुजरात आणि मध्य भारताच्या बाजूला हवेचा दाब वाढतो आणि पूर्वेकडून, म्हणजे घाटापलीकडच्या तापलेल्या जमिनीवरून, कोरडा वारा जोराने मुंबईकडे येऊ लागतो. हा वारा खाऱ्या वाऱ्याला समुद्रावरच अडवून धरतो. खारा वारा मग अकराऐवजी दोनला किंवा तीनला आत येतो. तोपर्यंतच्या तीन-चार तासांत पारा अडतीस-एकोणचाळीसपर्यंत उडी मारतो. काल बत्तीस अंश आणि आज अडतीस, असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते की वाऱ्याला उशीर झाला.

म्हणूनच मुंबईचे मोठे उष्ण दिवस ऐन मे महिन्यातच येतात असे नाही. सांताक्रूझ वेधशाळेतला आजवरचा उच्चांक ४२.२ अंशांचा आहे आणि तो १४ एप्रिल १९५२ चा आहे. मार्चचा उच्चांक ४१.७ अंशांचा, २८ मार्च १९५६ चा. १७ मार्च २०११ रोजी पारा ४१.६ पर्यंत गेला होता. फेब्रुवारीतही २५ फेब्रुवारी १९६६ रोजी ३९.६ अंशांची नोंद आहे. मे महिन्यात समुद्राकडचा वारा अधिक नेमाने वाहतो, हवा दमट असते आणि घाम जास्त येतो, पण पाऱ्याच्या अशा उड्या कमी असतात.

याउलट मधूनच परतणारी थंडी उत्तरेतून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेचे पट्टे हिमालयाकडे सरकत असतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. असा एक विक्षोभ काश्मीर-हिमाचलमध्ये बर्फ टाकून पुढे गेला की त्याच्यामागून गार उत्तरेचा वारा सुटतो आणि काही दिवसांत त्याची झुळूक मुंबईपर्यंत पोहोचते. विक्षोभ जोरदार असेल आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून बाष्प आले तर अवकाळी पाऊसही पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत मुंबईचा सरासरी पाऊस जवळजवळ शून्य आहे. म्हणूनच त्याची तयारी कोणी ठेवत नाही आणि म्हणूनच तो पडला की नुकसान फार होते.

२१ मार्च २०२३ ची सकाळ आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता आणि २४ मार्चपासून रमझानचे रोजे सुरू व्हायचे होते. वर्षातल्या सर्वात मोठ्या खरेदीच्या आठवड्यापैकी तो एक आठवडा. त्या सकाळी मुंबईत ढगांचा गडगडाट होऊन पाऊस पडला. अशा सकाळी रस्त्यावर मांडलेला माल भिजतो, वाळत घातलेली मासळी भिजते. पंचांगात किंवा कॅलेंडरात तो पाऊस लिहिलेला नव्हता. हवामान खात्याच्या अंदाजात मात्र त्या दिवसांत राज्यातल्या अवकाळी पावसाचा इशारा होता.

वरळीचे तापमान कोणते?

रेडिओवर किंवा वर्तमानपत्रात मुंबईची दोन तापमाने देतात. एक कुलाब्याचे आणि दुसरे सांताक्रूझचे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले, त्याच्याही आधीची ती आहे. ती शहराच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या जागी आहे. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाच्या बाजूला आहे. त्यामुळे दोन्ही आकड्यांत दोन-तीन अंशांचा फरक नेहमीच असतो आणि उष्ण दिवशी तो आणखी वाढतो.

वरळीकरांनी यातला कोणता आकडा धरायचा? आमच्या मते दोन्ही पाहावेत. समुद्राकाठच्या रस्त्यावर धंदा असेल तर कुलाब्याच्या आकड्याकडे झुकावे. वरळी नाका, जांबोरी मैदान, बी.डी.डी. चाळींच्या आतल्या गल्ल्या इथे उंच इमारतींमुळे वारा अडतो, तेव्हा सांताक्रूझकडे झुकावे. महापालिकेनेही शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत, त्यांची नोंद पाहता येते.

आपली स्वतःचीही एक वेधशाळा वरळीकरांना फुकट मिळालेली आहे. सकाळी अकराला कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभे राहावे आणि होड्यांवरचे बावटे पाहावेत. बावटा जमिनीकडे फडकत असेल तर खारा वारा वेळेवर आला, दिवस नेहमीसारखा जाणार. अकरा-साडेअकरापर्यंत बावटा समुद्राकडेच फडकत असेल तर पूर्वेचा वारा अजून जोरात आहे, दुपार कडक जाणार. ही खूण त्याच दिवसापुरती कामाची आहे, आठवड्याची नाही. पण सरबतवाल्याला बर्फाची दुसरी लादी मागवायची की नाही, हे ठरवायला तेवढी पुरते.

अंदाजाची भाषा

आता आठवड्याच्या अंदाजाकडे वळू. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र कुलाब्याला आहे. तिथून रोज पुढच्या दिवसांचा जिल्हावार अंदाज निघतो आणि मराठीतही मिळतो. कुलाबा आणि जोगेश्वरीजवळचे वेरावली या दोन ठिकाणच्या रडारांवरून पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा दिला जातो. दर गुरुवारी येत्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. हे सगळे मोबाईलवर फुकट पाहता येते. अडचण असते ती भाषेची. त्यातले शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले वाटतात, पण त्यांचे अर्थ ठरलेले आहेत.

'तुरळक ठिकाणी पाऊस' हे शब्द घ्या. अनेकजण याचा अर्थ थोडासा, रिमझिम पाऊस असा करतात. तो चूक आहे. तुरळक हा शब्द जागेबद्दल आहे, जोराबद्दल नाही. विभागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. सव्वीस ते पन्नास टक्के म्हणजे 'काही ठिकाणी', एकावन्न ते पंचाहत्तर म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस त्या ठिकाणी झोडपून काढणाराही असू शकतो.

पावसाच्या जोराचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत पडला तर हलका, त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ ते ११५.५ पर्यंत जोरदार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्याहून अधिक अत्यंत जोरदार. वसंतातला अवकाळी पाऊस बहुधा हलका ते मध्यम असतो. पण लक्षात घ्या, उघड्यावर पसरलेल्या जवळ्याला पाच मिलिमीटर पाऊसही पुरेसा असतो. खात्याच्या लेखी जो हलका, तो आपल्या मालाच्या लेखी भारी असू शकतो.

तिसरा शब्द 'शक्यता'. इंग्रजी पत्रकात 'लाइकली' असे छापतात. खात्याच्या मोजमापात याचा अर्थ पंचवीस ते पन्नास टक्के. म्हणजे पाऊस येण्यापेक्षा न येण्याचाच संभव अधिक. 'व्हेरी लाइकली' म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा 'शक्यता आहे' असे सांगूनही पाऊस आला नाही, तर लगेच 'वेधशाळा खोटी' असे म्हणण्यात अर्थ नाही. तिने शंभरातून पंचवीस ते पन्नास असेच सांगितलेले असते.

रंगांचे इशारेही असेच. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. पिवळ्या रंगाला घाबरून दुकान बंद करू नये आणि नारिंगीकडे दुर्लक्ष करून माल उघड्यावर टाकू नये.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही माहीत असावी. समुद्रकिनाऱ्यावरच्या केंद्रावर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक असेल आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल, तर तिथे उष्णतेची लाट धरतात. मैदानी भागासाठी हाच आकडा चाळीस अंशांचा आहे. विदर्भात चाळीस अंश म्हणजे रोजचाच व्यवहार, वरळीत सदतीस म्हणजे संकट. कारण इथली हवा दमट. घाम सुकला तरच शरीर थंड होते. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. माथाडी, हमाल, ठेलेवाले आणि बांधकामावरचे मजूर यांच्या मालकांनी ही गोष्ट विसरू नये.

सात दिवसांपैकी किती दिवस खरे?

मोबाईलवरच्या काही ॲपमध्ये दहा-पंधरा दिवस पुढचे तापमान अंशात दिलेले असते, सोबत ढगाचे चित्रही असते. ते पाहून माल भरणारे आमच्या ओळखीचे काही जण आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की सगळे दिवस सारख्या भरवशाचे नसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बराच पक्का असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी दिशा बरोबर असते, पण वेळ मागेपुढे होते. सहाव्या-सातव्या दिवसाकडे फक्त कल म्हणून पाहावे. उकाडा वाढेल की उतरेल, आभाळ येईल की नाही, एवढेच. त्यापुढच्या आठवड्याचे रोजचे आकडे व्यापाराच्या उपयोगाचे नाहीत.

अंदाजाची जाळी मात्र दिवसेंदिवस बारीक होत आहे. २६ मे २०२५ रोजी हवामान खात्याची नवी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीच्या पद्धतीत बारा किलोमीटरचा एक चौकोन धरून गणित होत असे, आता सहा किलोमीटरचा होतो. म्हणजे सबंध वरळी अजूनही फार तर एका चौकोनात बसते. वरळी नाक्यावर पाऊस आणि कोळीवाड्यात कोरडे, हे सांगणे त्या गणितालाही जमणार नाही.

योगायोग असा की त्याच दिवशी, २६ मे २०२५ ला, मान्सून मुंबईत दाखल झाला. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. याआधी १९५६, १९६२ आणि १९७१ साली तो २९ मे रोजी आला होता. तो विक्रमही मोडला. वरळीतल्या आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्थानकात त्या दिवशी पाणी शिरले. हे स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. छत्र्या आणि रेनकोटचा माल 'जून उजाडू दे, मग आणू' असे म्हणणाऱ्यांचा पहिला, सर्वात चढ्या भावाचा आठवडा हातचा गेला. मे महिन्याच्या मध्यापासून खात्याचे अंदाज वाचणाऱ्यांना तो मिळू शकत होता.

अचूक सांगणारे एकच वेळापत्रक

हवेचा भरवसा आठवड्याचा, पण समुद्राची एक गोष्ट वर्षभर आधी मिनिटांत सांगता येते. ती म्हणजे भरती-ओहोटी. ती चंद्र-सूर्याच्या ओढीने होते आणि त्यांची गती गणितात बसते. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. तिथे फुले, चादरी, अत्तर, खाऊ विकणाऱ्यांचा धंदा या वेळापत्रकावर चालतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदरातीच्या आगेमागे आणि चांदाच्या चौदा-पंधरा तारखेला, उधाणाची मोठी भरती असते. मधल्या अष्टमीच्या सुमारास भांगाची छोटी भरती असते.

जुन्या दर्यावर्दींचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याचे पाऊण करा. तितक्या वाजता साधारण भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. छापील वेळापत्रक हाताशी असेल तर तेच वापरावे, पण अंदाजासाठी ही रीत आजही चालते. व्यापाऱ्याने आठवड्याच्या सुरुवातीला भरतीच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी ओहोटीला होणार हे ठाऊक असेल तर गाडी कधी लावायची, पोऱ्याला जेवायला कधी सोडायचे, हे आपोआप ठरते.

तीन धंदे, तीन हिशेब

आता मुख्य गोष्ट. अंदाज कळला, पुढे काय? आम्ही तीन धंद्यांची उदाहरणे घेतो. यातील रुपयांचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

पहिला धंदा सुक्या मासळीचा. फेब्रुवारी ते मे हा वाळवणाचा मोसम. बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने टांगतात, जवळा जमिनीवर पसरतात. वरळी कोळीवाड्यात आता वाळवणाला जागा थोडी उरली आहे. वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा इथून माल येतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरोघरी पावसाळ्याआधी आगोट भरतात, त्यासाठी या मालाला एप्रिल-मेमध्ये मोठी मागणी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हाच माल चुलीवर येतो. वाळवण कडक उन्हात दोन-तीन दिवसांत होते. ढगाळ हवेत ते लांबते, माशी बसते, बुरशी धरते. पाऊस पडला तर मालाची प्रतच उतरते.

समजा, सहा हजार रुपयांचा जवळा पसरलेला आहे. ताडपत्री आणि गोळा करणाऱ्या बाईची मजुरी मिळून तीनशे रुपये खर्च. तीनशेला सहा हजारांनी भागले तर शंभरात पाच. याचा अर्थ असा की पावसाची शक्यता पाच टक्क्यांहून अधिक असेल तर माल झाकण्यातच फायदा आहे. वीस वेळा इशारा आला, वीसही वेळा झाकले, तर खर्च सहा हजार. त्यातल्या एकाच वेळी पाऊस पडला तरी तो खर्च भरून निघाला, दोनदा पडला तर नफा. म्हणून 'गेल्या तीन वेळी उगाच झाकले' असे म्हणून चौथ्या वेळी उघडे टाकू नये. व्यवहारात माणूस नेमका तिथेच चुकतो.

हा हिशेब समुद्रात जाण्याला मात्र लावू नये. डिझेल, बर्फ भरून होडी तयार असते, खलाशी थांबलेले असतात, एक फेरी बुडाली तर हजारोंचा तोटा होतो, हे आम्हांला मान्य आहे. तरीही मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा असेल तर जाऊ नये. मालाचा हिशेब टक्क्यांत होतो, माणसाच्या जिवाचा होत नाही.

दुसरा धंदा लिंबू सरबत, फळे आणि बर्फाचा. इथे उष्णता दोन्ही हातांनी काम करते. एका हाताने गिऱ्हाईक आणते आणि दुसऱ्या हाताने माल नासवते. शिवाय उष्णतेची लाट देशभर असेल तर खरेदीचा भावही चढतो. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात उष्ण मार्च ठरला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आवक कमी आणि मागणी जास्त होऊन एक लिंबू दहा-दहा रुपयांना विकले जात होते. ज्या सरबतवाल्याने ग्लासाचा भाव बांधून ठेवला होता त्याचा सगळा नफा लिंबात गेला. २०२३ ते २०२५ या वर्षांत रमझानही मार्च-एप्रिलमध्ये येत होता. संध्याकाळच्या फळांची आणि सरबताची मागणी आणि उष्णता एकाच वेळी आली. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा हा मेळ पुढे थंडीकडे जाईल. जुन्या वहीतले आकडे पुढच्या वर्षी जसेच्या तसे लावून चालणार नाहीत.

या धंद्यात आमचा सल्ला असा. आठवड्याची खरेदी एकदम करू नये, दोन हप्त्यांत करावी. सोमवारी पहिल्या तीन दिवसांचा माल भरावा, कारण त्यांचा अंदाज पक्का असतो. गुरुवारी नवा अंदाज पाहून उरलेल्या दिवसांचा भरावा. एक फेरी वाढते, टेम्पोचे भाडे वाढते, हे खरे. पण नासलेल्या कलिंगडापेक्षा ते स्वस्त पडते. दुसरे असे की अडतीस अंशांच्या दिवशी दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक रस्त्यावरच नसते. विक्री संध्याकाळी सहानंतर समुद्रकाठी होते. कापलेली फळे दुपारी तयार करून ठेवू नयेत. ती धंद्यालाही बरी नाहीत आणि गिऱ्हाइकाच्या पोटालाही.

तिसरा धंदा आंब्याचा. इथे आजची हवा आजचा भाव ठरवत नाही, दोन महिन्यांनंतरचा ठरवते. हापूसचे फळ मोहोरापासून तोडणीपर्यंत साधारण चार महिने घेते. मोहोराला थंड रात्री लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम ऊन तापले तर बारीक कैरी गळते आणि मोठी भाजते. अवकाळी पाऊस झाला तर करपा, तुडतुडे, फुलकिडे यांचा जोर होतो आणि फवारणीचा खर्च वाढतो. उलट उष्णतेने फळ लवकर तयार झाले तर एकाच वेळी पेट्या बाजारात येतात आणि भाव कोसळतो. तेव्हा मुंबईतल्या किरकोळ आंबेवाल्याने वरळीची हवा पाहून उपयोग नाही, रत्नागिरी-देवगडची पाहिली पाहिजे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो बागायतदारासाठी असला तरी वरळीच्या व्यापाऱ्यालाही वाचण्यासारखा आहे. फेब्रुवारीच्या सल्ल्यात फळगळ दिसली की मे महिन्याचा माल कमी येणार, हे त्याला मार्चमध्येच कळू शकते. गावी बाग असलेल्या नातेवाईकाला एक फोन केला तर ते अधिकच पक्के होईल.

वहीचे एक पान

शेवटी एक छोटी सूचना. विक्रीची वही आपण ठेवतोच. त्याच वहीत रोजच्या विक्रीसमोर चार गोष्टी लिहाव्यात. त्या दिवसाचे कमाल तापमान, आभाळ स्वच्छ की ढगाळ, खारा वारा किती वाजता आला आणि किती माल वाया गेला. दोन मिनिटांचे काम आहे. एक वसंत असा लिहून काढला की पस्तीस अंशांच्या पुढे आपले सरबत किती जास्त खपते, ढगाळ दिवशी विक्री किती पडते, हे स्वतःच्या आकड्यांत दिसू लागते. मोठ्या कंपन्या याच माहितीसाठी पगारी माणसे ठेवतात. छोट्या व्यापाऱ्याला ती आपल्या ओट्यावर बसून मिळते.

हवेवर कोणाचा हुकूम चालत नाही. छोट्या माणसाचे भांडवल थोडे असते आणि बरेचदा उधारीचे असते. एक भिजलेला आठवडा त्याला महिनाभर मागे नेतो. ज्याच्याकडे गोदाम आहे, शीतगृह आहे, विमा आहे, त्याला अंदाज नाही वाचला तरी चालते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्यानेच तो सर्वात आधी वाचला पाहिजे. येत्या रविवारी रात्री माल किती भरायचा हे ठरवताना पाच मिनिटे त्यासाठी काढावीत आणि सोमवारी अकराला एकदा होडीवरचा बावटा कुठे फडकतो आहे तेही पाहून घ्यावे.